गालाला घाम येत नाही

किसन मुंगसे यांचं तोंड किती उघडतं, याची आठ आठवड्यांची नोंद माझ्या अक्षरात आहे. दर सोमवारची, मिलिमीटरमध्ये. ती वही मी फाडलेली नाही आणि परत उघडलेलीही नाही.

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तयार होतात आणि ते तपासणं हे माझं काम. केसाएवढी चीर दिसली तरी मी अख्खी पेटी अडवतो आणि त्यापायी शिव्या खातो. तोच मी एका जिवंत माणसाचे आकडे आठवड्यामागून आठवडे उतरताना बघत होतो आणि हसत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणाचं काही बोललो तर त्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल.

मुंगसे आण्णा आमच्या मशीन शॉपचे लाइन लीडर. गाव राजगुरुनगरच्या अलीकडचं, घर पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. पन्नाशीला दोन-तीन वर्षं कमी होती, पण पाठमोरे पाहिले तर कुणी पंचविशीचा गडी समजावा. पोट नावाचा अवयव त्यांना नव्हताच. ते रोज सायकलनं कामावर येत. काळेवाडीहून निघालेली माझी बस चाकणच्या चौकात तिष्ठत असायची, तेव्हा उलट्या बाजूनं आण्णा केव्हाच पोचून, हातपाय धुऊन, कोरडे कपडे घालून तयार असत. त्याआधी घरी दीडशे जोर आणि तीनशे बैठका झालेल्या असायच्या. मी एकदा विचारलं, कधी खाडा होतो का? तर म्हणाले, लग्नाच्या दिवशीही मारल्या होत्या, हळद लावून.

आमच्याकडे पहिल्या पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं कवायत असते. कुणा मोठ्या साहेबानं परदेशात बघून ती प्रथा आणलेली. इतर लाइनींवर ती उरकतात; हात वर, हात खाली, चला कामाला. आण्णांच्या लाइनवर ती खरोखर व्हायची. मी नवा होतो, बीडकडून आलेला, अजून बुटांची सवय नसलेला. मागच्या रांगेत अर्धवट हात वर करून उभा होतो. आण्णा मोजत मोजत माझ्यापर्यंत आले, माझ्या पाठीच्या कण्यावर दोन बोटं टेकवली आणि आकडा न चुकवता म्हणाले, "क्वालिटी, हितं चीर हाय."

सगळी लाइन हसली. तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी 'क्वालिटी'च राहिलो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शंका आहे.

त्यांच्या मते शरीरात दोनच गोष्टी होत्या, हाडं आणि स्नायू. बाकी काळीज, फुप्फुस, आतडी वगैरे मंडळी त्यांच्या आसऱ्याला राहिलेली भाडेकरू. त्यामुळे त्यांचं वैद्यकही सुटसुटीत होतं. आखडलं की सोडवायचं, ढिलं पडलं की आवळायचं. कुणाची कंबर धरली, मान लचकली, खांदा वर जाईना झाला की माणूस दवाखान्याआधी आण्णांकडे जायचा. जेवणाच्या सुट्टीत ते त्याला पुठ्ठ्यावर पालथं पाडत आणि असं काही रगडत की बघणाऱ्याला दया यावी. पण माणूस उठायचा तो हसत उठायचा. माझी कंबरही त्यांनीच बरी केली. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं, आपलं जेवण बाजूला ठेवून. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "हालत्या अंगावर माशी बसत न्हाई, क्वालिटी. तू हालत जा."

आता माव्याचं सांगायला हवं. कच्ची सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून टपरीवाला देतो, त्याला आमच्याकडे मावा म्हणतात. त्यावर बंदी आहे म्हणतात. मागून मिळाला नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही. आण्णा दिवसाला चार-पाच पुड्या खात. कायम डाव्या गालात. जेवायचं उजव्या बाजूनं आणि मावा डाव्या, अशी वीस वर्षांची वाटणी होती. त्यांच्यासारखा नेमाचा माणूस व्यसनातही नेमानंच वागायचा.

मी सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. त्यामुळे सुरुवातीला मी त्यांना दोन शब्द सुनवायचो. ते चिडत नसत. मला घेऊन जिन्याशी जायचे आणि म्हणायचे, चल वर. दोन मजले चढून मी कठड्याला धरून धापा टाकायचो आणि हे गृहस्थ गालात मावा धरून नाकानं शांत श्वास घेत उभे. मग सावकाश सांगायचे, "आमी घाम गाळतो. तंबाखूचं जे काय इख असतं ते घामावाटं निघून जातं. बसून खाणाऱ्याला बाधती ती. तू खात न्हाईस, पर बसतोस."

माझा रक्तदाब तेव्हाच वाढलेला होता.

कंपनीत वर्षातून एकदा तपासणी होते. एका वर्षी नर्सबाईंनी आण्णांची नाडी मोजली, ती इतकी संथ लागली की परत मोजली, मग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी स्वतः मोजली आणि विचारलं, काय करता तुम्ही? आण्णांनी जोर-बैठकांचा हिशेब दिला. मागे रांगेत उभे असलेले आम्ही सगळे उगाचच ताठ झालो, जणू नाडी आमचीच होती. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, आण्णा म्हणाले थोडीफार. सोडा, असं डॉक्टर म्हणाले. आण्णा म्हणाले, बघतो. वजन, साखर, डोळे, कान सगळं झालं. तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही.

त्या नाडीची कीर्ती पुढे वर्षभर पुरली. लाइनवर घोलप नावाचा ऑपरेटर आहे, चाळिशी उलटलेला, अंगानं जड, स्वभावानं गरीब. त्याची बायको माव्यावरून बोलायला लागली की तो आण्णांचं नाव सांगायचा. वीस वर्षं खातात, आणि डॉक्टरला त्यांची नाडी दोनदा मोजावी लागते. घोलपच असं बोलायचा असं नाही. ज्याच्या त्याच्या घरी हेच उत्तर तयार होतं. आण्णांच्या दंडांच्या भरवशावर आमची अख्खी लाइन मावा खात होती आणि मीही त्यांना बोलणं सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर माझाही हळूहळू विश्वास बसला होता.

मागच्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर एका सोमवारी आण्णा माझ्या तपासणीच्या खोलीत आले आणि म्हणाले, "क्वालिटी, तुझं व्हर्निअर दे जरा."

व्हर्निअर म्हणजे आम्ही मालाची मापं घेतो ते हत्यार. मी विचारलं, कशाचं माप घ्यायचंय? म्हणाले, तोंडाचं. जबडा आखडलाय, पहिल्यासारखा उघडत नाही. व्यायाम सुरू केलाय, तेव्हा प्रगती मोजायला हवी.

मला गंमत वाटली. मी व्हर्निअर स्पिरिटनं पुसलं, आण्णांनी आ केला, मी वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर घेतलं. चौतीस मिलिमीटर. तपासणीची असते तशी मी वहीत रकाने आखून नोंद केली. वर नाव लिहिलं, 'भाग : जबडा'. आण्णांनाही ते आवडलं. महिन्याभरात चाळीस करतो म्हणाले.

व्यायाम काय होता तेही सांगतो. सकाळी तिळाच्या तेलानं गाल चोळायचे. मग बाभळीची एक पाचर त्यांनी स्वतः तासून घेतली होती, ती दातांत ठोकून बसवायची आणि शंभर आकडे मोजायचे. असे तीन वेळा. सायकल स्टँडवर तोंडात पाचर घेऊन डोळे मिटून बसलेले आण्णा मी पाहिले आहेत. पाचर काढली की रक्ताची गुळणी यायची. विचारलं तर म्हणायचे, गंज निघतोय. आणि गुळणी झाली की खिशातून पुडी निघायची.

दुसऱ्या सोमवारी चौतीस. मग तेहतीस. मग परत तेहतीस, मग एकतीस. आकडा उतरला की आण्णा स्वतःवर रागवायचे, व्यायाम कमी पडतोय म्हणायचे आणि पाचर जाड करायचे. डबा खाताना त्यांनी ठेचा बंद केला, तब्येतीसाठी म्हणून. भाकरी आमटीत कुस्करून गिळायला लागले. कवायतीत मोजताना आवाज दाबल्यासारखा यायचा. हे सगळं मला दिसत होतं. मी रोज सांगत असतो की एखादं माप सलग उतरत असेल तर मशीन थांबवा, कारण शोधा, मगच पुढे जा. भिंतीवर तसा फलक लावलाय, तोही मीच लिहिलेला. त्या फलकाखाली उभं राहून मी आठव्या सोमवारी सव्वीस हा आकडा लिहिला आणि म्हणालो, आण्णा, अजून दोन महिन्यांत तुम्हाला स्ट्रॉनं जेवावं लागेल.

ते हसले. नीट हसताही येत नव्हतं त्यांना.

त्याच आठवड्यात सुनंदावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला. यांच्या कानात सणक मारते, उशी ओली होते, पण ऐकत नाहीत. "भावजी, तुमी मापं घेता ना त्यांची, तुमचं ऐकतील," असं त्या म्हणाल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आण्णांना घेऊन मी चाकणलाच एका दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं लहान, बोलायला मोकळ्या. खुर्चीवर बसल्या बसल्या आण्णांनी त्यांना आपला व्यायाम सांगितला. त्या म्हणाल्या, तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. दोन बोटंही पुरती जाईनात. मग त्यांनी दिवा जवळ ओढला, आरसा घातला आणि गाल बाजूला केला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग हातमोजे काढून त्यांनी विचारलं, हा पांढरा चट्टा कधीपासून आहे? आण्णा म्हणाले, असेल दोन-तीन वर्षं, त्याचं काय, दुखत नव्हतं. आणि त्यामागची ही जखम? ती पाचरीची असेल, आण्णा म्हणाले.

"पाचरीची नाही," बाई म्हणाल्या. "तोंड उघडायचे व्यायाम आम्हीही देतो काका. पण आधी मावा बंद करायला लावतो आणि आत बघतो. तुमच्या आत कुणी बघितलंच नाही का?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. साधं कुतूहल होतं, की खरंच, तू बघितलं नाहीस का? मी आठ वेळा त्या उघड्या तोंडापाशी वाकलो होतो आणि फक्त आकडा वाचला होता.

तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, आणि जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला. पुण्याच्या इस्पितळात मोठे सर्जन समजावून सांगत होते. डावा जबडा, गाल आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, छातीवरचं मांस आणून तिथं लावावं लागेल. वहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि शाळेत हजेरी सांगावी तसं म्हणाले, "पर साहेब, मी रोज सायकल मारतो. चौदा किलोमीटर जायला, चौदा यायला."

सर्जन हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, व्यायाम वाया जात नसतो. रोज अंगमेहनत करणाऱ्यांना काही कॅन्सर कमी होताना दिसतात, तोंडाच्या बाबतीतही कदाचित थोडीफार मदत होत असेल. आणि एवढं मोठं ऑपरेशन तुम्हाला झेपेल ते त्या सायकलमुळेच. मग म्हणाले, "पण मुंगसे, तुम्ही पळत होतात, तुमचा गाल पळत नव्हता. तो वीस वर्षं माव्याला टेकून बसून होता. गालाला घाम येत नाही."

बाहेर आल्यावर आण्णा बाकावर बसले. मी त्यांना प्रथमच पाठीत वाकून बसलेलं पाहिलं. मग म्हणाले, "हे मला कुनी सांगितलंच न्हाई, क्वालिटी." ते खरं नव्हतं. सांगितलं होतं, बायकोनं, डॉक्टरनं, तंबाखूच्या पाकिटावरच्या चित्रानं. पण सांगणाऱ्याकडे त्यांच्यासारखी छाती नव्हती.

कंपनीत बातमी पसरली तेव्हा लाइनवर जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मशीनं चालू होती आणि माणसं नुसती उभी होती. अशक्य, असं एकजण परत परत म्हणत होता. काहींनी पुड्या गटारात फेकल्या, ते आठवडाभर टिकलं. काहींनी वेगळाच धडा घेतला, की एवढा व्यायाम करून काय उपयोग झाला, मग आपण तरी कशाला करायचा. मला दोघांचाही संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. आमच्यातून कुणी जावं तर मी, हे माझं पोट, हा माझा रक्तदाब. आण्णा नव्हे. ही गोष्ट मला आजही पटलेली नाही.

ऑपरेशन आठ-नऊ तास चाललं. तिसऱ्या दिवशी आण्णा सलाइनची दांडी ढकलत व्हरांड्यात चालत होते आणि शेजारच्या खाटेवरचे, त्यांच्याहून तरुण पेशंट बघत होते. सर्जननी मला बोलावून ते दाखवलं. म्हणाले, ही व्यायामाची कमाई. मला तेव्हा वाटलं, निभावलं. रेडिएशनच्या सगळ्या फेऱ्याही त्यांनी एक न चुकवता घेतल्या. घरी नळीतून पेज घेऊन पुन्हा बैठका सुरू केल्या, आधी दहा, मग वीस. उन्हाळ्यात मानेवर गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी आणि घोलप त्यांच्या घरी गेलो. ती शेवटची भेट.

आण्णा ओसरीत खुर्चीवर बसले होते. नाकापासून खाली चेहऱ्याला पंचा गुंडाळलेला. वहिनी म्हणाल्या, ऑपरेशन झाल्यापासून घरातही सोडत नाहीत, पोरींनीही तोंड पाहिलेलं नाही. शब्द फुटत होते ते चुरगळून, आणि वहिनी ते आम्हाला उलगडून सांगत होत्या. कंपनीत कवायत होते का, असं त्यांनी विचारलं. होते म्हणालो. कशी होते ते सांगितलं नाही.

घोलपला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तो मनापासून बोलला, हे मला आजही वाटतं.

"आण्णा, तुमची व्यायामाची बॉडी, म्हणून एवढं सोसलंत. आमच्यासारखा असता तर टेबलावरच गेला असता," तो म्हणाला. "तुमचं बघून मी बी सुरू केलंय. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो. एक दिवस चुकवत न्हाई."

बोलताना त्याचा डावा गाल फुगलेला होता.

मी आण्णांकडे पाहिलं. पंच्यावर फक्त डोळे होते. ते घोलपच्या गालावर खिळले होते आणि त्यांत जे आलं त्याला मी भीतीच म्हणेन. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकताना नव्हती ती. माणूस चालला होता तरी त्याचं म्हणणं मागे जिवंत राहणार होतं, आणि आता तर पहाटे उठून चालायलाही लागलं होतं.

आण्णा उठले. वहिनी आधार द्यायला आल्या, त्यांना हातानं बाजूला केलं. घोलपसमोर उभे राहिले आणि पंचा सोडला.

ते कसं दिसत होतं ते मी लिहिणार नाही. घोलपचा हात धरून त्यांनी तो तिथं, जिथं जबडा असतो तिथं नेला आणि दाबून धरला. मग काहीतरी बोलले. आम्हाला कळलं नाही. वहिनींनी खाली बघत सांगितलं, "थुंक म्हनतायत."

घोलप अंगणात गेला, थुंकला, चूळ भरून परत आला. आण्णांनी तळहात पुढे केला. घोलपनं शर्टाच्या खिशातली पुडी काढून दिली. हात तसाच राहिला. आण्णांनी त्याच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. घोलपनं वाकून मोज्यातली दुसरी काढली. हात अजून पुढेच. मग आण्णांनी त्याच्या मोबाइलकडे बोट केलं, आणि घोलपनं कव्हर उचकटून आतली चपटी पुडी त्यांच्या हातावर ठेवली. गेटवरच्या तपासणीतून पुडी आत न्यायच्या या सगळ्या जागा घोलपला आण्णांनीच शिकवल्या होत्या.

तिन्ही पुड्या मुठीत धरून आण्णा ओसरीच्या पायऱ्या उतरले. दार रस्त्यावरच उघडतं. पलीकडे टपरी आहे, तिथं दुपारची पाच-सात माणसं उभी होती, सगळी त्यांच्या ओळखीची. "अहो, पंचा," असं म्हणत वहिनी मागून धावल्या. आण्णांनी मागे पाहिलं नाही. उघड्या तोंडानं, ताठ पाठीनं, भर उन्हात ते टपरीकडे चालत निघाले आणि तिथली माणसं एकेक करून बोलायची थांबली.